राजधान्या पाठ करू नकोस, आधी नकाशा घे

अरे तू नवीन आहेस म्हणून सांगतो, बायबलमधल्या प्राचीन इस्राएलच्या राजधान्या म्हटलं की सगळे डायरेक्ट यरुशलेमवर उडी मारतात, तिथेच घोळ होतो. शलमोन राजानंतर राज्यं दोन झाली, उत्तरेचं इस्राएल आणि दक्षिणेचं यहूदा, हे डोक्यात फिट कर. यहूदाची राजधानी यरुशलेम, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने पाडेपर्यंत तीच. त्याआधी, शलमोनाचा बाप दाविद राजा याने सुरुवातीला साडेसात वर्षं हेब्रोनमधून राज्य केलं, तेवढं लक्षात ठेव.

खरी मजा उत्तरेत आहे. उत्तरेचा पहिला राजा यराबाम आधी शखेमात राहिला, मग पनुएल, मग तिरसा, आणि पुढे याच तिरसात जिम्री राजाने फक्त सात दिवस राज्य करून वाडा पेटवला नि त्यातच मेला, त्यानंतर अम्री राजा आला, सहा वर्षं तिथे काढली आणि शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी देऊन एक टेकडी विकत घेतली, तीच शोमरोन. इंग्रजी पुस्तकात समारिया दिसलं तर गोंधळू नकोस, गाव एकच.

आणि प्लीज शोमरोनच्या उत्खननात सापडलेल्या खापऱ्यांचे फोटो बघच. शाईने लिहिलंय, दहावं वर्ष, अमुक गावाहून अमक्याला जुन्या द्राक्षारसाचा एक घडा. बस एवढंच! मला तर कुठल्याही राजाच्या यादीपेक्षा हा घडा जास्त जवळचा वाटतो. इ.स.पू. ७२२ च्या आसपास अश्शूरने (असिरियाने) शोमरोन घेतलं, तिथे उत्तरेचं राज्य संपलं.