दोन लेव्हलचा वॉरलॉक

प्रश्न : 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांत आमचा ११व्या लेव्हलचा सॉर्सरर हा जादूगार (९ लेव्हल सॉर्सरर वर्गाच्या, २ वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार-वर्गाच्या) सगळ्यांना झाकोळतो. मल्टिक्लास (एकाच पात्राने दोन वर्ग घेणं) बंदच करावं का?

उत्तर : बंदी नको. गोम एल्ड्रिच ब्लास्ट या वॉरलॉकच्या किरण-मंत्रात आहे. त्याचे किरण पात्राच्या एकूण लेव्हलवर वाढतात आणि अ‍ॅगोनायझिंग ब्लास्ट ही वॉरलॉकची खुबी प्रत्येक किरणाच्या नुकसानीला करिष्म्याचा बोनस देते. बोनस +५ धरा : तीन किरण, सगळे लागले तर सरासरी नुकसान ३१.५. साध्या फायर बोल्ट मंत्राचं १६.५च! किरण तीनच ठेवा, पण बोनस फक्त वॉरलॉक लेव्हलने मिळतील तितक्याच किरणांना द्या. म्हणजे इथे एकाला, सरासरी २१.५. किरणच कापले तर मात्र तो फायर बोल्टपेक्षाही दुबळा पडतो. बदल खेळाडूला आधी सांगा, हवं तर लेव्हल बदलू द्या.