तणनाशकाची मात्रा आणि मोबाईल

प्रश्न : सोयाबीनसाठी इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रावण) हे तणनाशक एकरी ४०० मिली वापरावे, असे मोबाईलवरील ॲप सांगते, पण माझ्या १५ लिटरच्या पंपात ते किती घालावे?

उत्तर : एकरी मात्रा बरोबर आहे. पंपाची मात्रा मात्र तुमची चाल, नोझल आणि दाब यांवर ठरते, आणि ही माहिती आपण दिल्याशिवाय ॲपला कळत नाही. त्यासाठी टेपने १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा जागा आखावी (मोबाईलच्या जीपीएसने मोजू नये, कारण एवढ्या लहान तुकड्यात त्याची काही मीटरची चूकही फार मोठी ठरते), तीवर फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलने नेहमीच्या चालीने नुसते पाणी फवारावे आणि किती लागले ते मोजावे. समजा ५ लिटर लागले, तर एकराच्या ४० गुंठ्यांना २०० लिटर, म्हणून लिटरला २ मिली आणि पंपाला ३० मिली औषध. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. संपूर्ण शेत मोजण्यासाठी मात्र बांधावरून फिरून जीपीएस ॲप जरूर वापरावे, कारण सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष पेरलेले क्षेत्र नेहमीच जुळते असे नाही.