उंटांमध्ये उभा सैनिक : संत मिनास यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती तीर्थस्थानांवर लिहिताना संत मिनास यांची कबर असलेल्या अबू मीना या जागेचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मिनास रोमन सैन्यात होते, असे वाचले. मग त्यांची कबर इजिप्तच्या वाळवंटात कशी? आणि त्यांचे चरित्र कितपत खरे मानायचे?

उत्तर : परंपरेने चालत आलेली हकिगत अशी आहे. मिनास इजिप्तचे. पंधराव्या वर्षी ते सैन्यात गेले आणि फ्रिजियातील कोट्याएउम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कुटाह्या, येथे त्यांची नेमणूक झाली. इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मान काढले. सैनिकांवर तर त्याआधीच जुन्या देवतांना बळी अर्पण करण्याची सक्ती सुरू झाली होती. मिनास सैन्य सोडून निर्जन प्रदेशात गेले आणि काही वर्षे उपास-प्रार्थनेत राहिले. मग खेळांच्या दिवशी, सारे शहर मैदानात जमलेले असताना, तिथे येऊन त्यांनी आपण ख्रिस्ती असल्याचे जाहीर केले. छळानंतर त्यांचा शिरच्छेद झाला. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या मूळ ख्रिस्ती चर्चची, परंपरा हे वर्ष ३०९ मानते. पुढे त्यांची तुकडी इजिप्तकडे निघाली तेव्हा सोबत्यांनी अवशेष बरोबर घेतले. अलेक्झांड्रियाजवळच्या मरियुत भागात अवशेष वाहणारा उंट जो बसला तो काही केल्या उठेना. दुसरा उंट आणला, तोही हलेना. शेवटी तिथेच दफन केले.

आता खरेपणाचे. चौथ्या शतकातील बिशप संत बेसिल यांनी सीझरियाच्या गॉर्डियस नावाच्या शतपतीवर एक प्रवचन दिले होते. गॉर्डियसही सैन्य सोडून डोंगरात जातो, शर्यतींच्या दिवशी परत येऊन सर्वांसमोर श्रद्धा जाहीर करतो आणि मारला जातो. मिनास यांच्या ग्रीक चरित्राचा मोठा भाग या प्रवचनावरून घेतलेला आहे, हे अभ्यासकांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवले आहे. तेव्हा त्या चरित्रातील तपशील मिनास यांच्या आयुष्याचा पुरावा म्हणून वापरू नयेत. पण म्हणून सगळेच रचलेले, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. चरित्रकाराने दुसऱ्याचे शब्द उसने घेतले कारण त्याच्यासमोर आधीच एक कबर होती, तिथे माणसे येत होती आणि त्यांना सांगायला गोष्ट हवी होती. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून त्या जागेवर एकावर एक इमारती उभ्या राहिल्याचे उत्खननात दिसते. हा पुरावा भक्कम आहे.

प्रश्न : एका संग्रहालयात मातीची छोटी चपटी कुपी पाहिली. मध्ये हात पसरलेला माणूस, दोन्ही बाजूंना बहुधा कुत्री. हे मिनास यांचेच का? अशी कुपी विकत मिळते का?

उत्तर : ती कुत्री नव्हेत, गुडघे टेकलेले उंट आहेत. त्यांची डोकी संतांच्या पायांशी झुकलेली असतात. साचा वापरून वापरून झिजला की आधी लांब मान आणि मदार बुजतात, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. खात्री करायची असेल तर मधली आकृती पाहावी : आखूड अंगरखा, कमरेला पट्टा, खांद्यावरून मागे सोडलेला सैनिकी झगा आणि प्रार्थनेत दोन्ही बाजूंना उचललेले हात. कडेने ग्रीक अक्षरे असली तर ती बहुधा ‘संत मिनास यांचा आशीर्वाद’ अशी असतात.

या कुप्या अबू मीना येथेच बनत. तिथे भट्ट्या सापडल्या आहेत. घडण साधी. दोन गोल, उथळ साच्यांत माती दाबायची, दोन अर्ध्या वाट्या काठाला काठ लावून पातळ मातीने जोडायच्या, वर भोक पाडून मान बसवायची आणि मानेपासून खांद्यापर्यंत दोन कान, म्हणजे धरायच्या कड्या, लावायचे. म्हणून कुपी आडवी धरली की कडेने सांध्याची रेघ दिसते. कान आणि मान नंतर चिकटवलेली असल्याने मोडतात तीही तिथेच. संग्रहालयांत बिनकानाच्या कुप्या दिसतात त्या अशाच मोडलेल्या. यात्रेकरू त्यांतून कबरीजवळचे पाणी किंवा तेथील दिव्यातील तेल घरी नेत. बहुतेक कुप्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या आहेत. पार इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मेओल्स येथेही एक सापडली आहे, एवढा या जागेचा लौकिक होता.

विकत घेण्याविषयी आमचे स्पष्ट मत : घेऊ नये. इजिप्तच्या १९८३ सालच्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार आणि निर्यात बंद आहे. बाजारात नकलाही असतात. मूळ कुपीवरून साचा काढून केलेली मातीची नक्कल सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून मुळापेक्षा थोडी लहान आणि नक्षीत बोथट येते. पण झिजलेल्या साच्यातील अस्सल कुपीही बोथट असते, त्यामुळे नुसत्या नजरेने निकाल देता येत नाही.

प्रश्न : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ख्रिस्त आणि मिनास यांचे प्रसिद्ध चित्र याच संतांचे ना?

उत्तर : नाही. ते बावीत येथील मठाचे प्रमुख आपा मेना यांचे आहे. चित्रावरच त्यांचा हुद्दा लिहिलेला आहे. अंगावर सैनिकाचा वेश नाही, उंट नाहीत, हातात लिखाणाची गुंडाळी आहे. मेना आणि मिनास ही एकाच नावाची रूपे असल्याने छापील कार्डांवर सर्रास सैनिक संतांचे म्हणून हेच चित्र येते.

प्रश्न : सण नक्की कधी? कुठे ११ नोव्हेंबर दिसतो, कुठे २४, तर कुठे २५.

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत. ग्रीक आणि रोमन पंचांगांत ११ नोव्हेंबर. कॉप्टिक चर्चमध्ये हुतात्मादिन हातूर महिन्याच्या १५ तारखेला येतो. तो एरवी २४ नोव्हेंबर असतो, पण पुढचे इंग्रजी वर्ष लीप असेल तर कॉप्टिक वर्ष ११ ऐवजी १२ सप्टेंबरला सुरू होते आणि सण २५ ला सरकतो. २०२३ मध्ये तसे झाले, २०२७ मध्ये पुन्हा होईल. फेब्रुवारीचा जादा दिवस आला की फरक भरून निघतो. म्हणून त्यांच्या चर्चच्या अर्पणाचा दुसरा सण, बाऊना महिन्याची १५, दरवर्षी २२ जूनलाच येतो.

हा कॉप्टिक शक मोजला जातो तोही डायोक्लेशियन गादीवर आला त्या इ.स. २८४ पासून, आणि त्याला ‘हुतात्म्यांचा शक’ म्हणतात. ज्याने छळ केला त्याच्याच राज्यारोहणापासून हुतात्म्यांची वर्षे मोजायची, हा त्या चर्चचा बाणेदारपणा आहे. नोव्हेंबरचा सण संपला की दुसऱ्या दिवसापासून नाताळाआधीचा दीर्घ उपास सुरू होतो.

प्रश्न : अबू मीना खचते आहे, असे ऐकले. आता तिथे जाऊन काय पाहता येते?

उत्तर : ही जागा अलेक्झांड्रियाच्या नैर्ऋत्येला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. कार्ल मारिया काउफमान यांनी १९०५ मध्ये ती पुन्हा उजेडात आणली आणि १९७९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. एका ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे बाप्तिस्मागृह, कबरीवरचे हुतात्मा-चर्च आणि साठ मीटरहून लांब महाबॅसिलिका, म्हणजे सर्वांत मोठे चर्च, अशी मांडणी आहे. कबर जमिनीखालच्या तळघरात. गर्दी अडू नये म्हणून उतरायला एक जिना आणि वर यायला दुसरा. उत्तरेला स्नानगृहे आणि यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागा.

बिघडले ते पाण्याने. आसपासची जमीन शेतीखाली आणण्याच्या योजनेत कालव्याचे पाणी आले आणि भूजल वर चढले. तिथली माती निव्वळ चिकणमाती आहे : कोरडी असताना दगडासारखी घट्ट, भिजली की जवळजवळ लगदा. त्यात त्या प्राचीन शहरभर पाण्याची जुनी भुयारी टाकी. ती ढासळली तशा वरच्या भिंतीही खचल्या आणि वायव्य भागात जमिनीखाली मोठ्या पोकळ्या झाल्या. २००१ मध्ये जागा धोक्यातील वारशांच्या यादीत गेली. आधार म्हणून कबरीच्या तळघरातच वाळू भरावी लागली आणि ते लोकांसाठी बंद झाले. नुसते पाणी उपसूनही भागत नाही, कारण शेतांतून ते झिरपतच राहते. उपसा अखंड हवा. २०२१ मध्ये सौरऊर्जेवर चालणारी निचरा-यंत्रणा बसली, पातळी उतरली आणि २०२५ मध्ये जागा धोक्याच्या यादीतून बाहेर आली.

दर्शनासाठी मात्र जवळच्या नव्या मठात जावे. मिनास यांचे निस्सीम भक्त असलेले कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप सहावे किरिलोस यांनी १९५९ मध्ये त्याची पायाभरणी केली, आणि त्यांची स्वतःची कबरही तिथेच आहे. अवशेष मखमलीने मढवलेल्या लांबट नळीत असतात. भाविक त्याला हात लावून चुंबन घेतात, आणि सणाला पुरोहित स्तुतिगीते गात त्यावर सुगंधी द्रव्ये चढवतात. वेदीच्या पडद्याआडच्या भागात सामान्य भाविकांनी जायचे नसते. उपासाच्या काळात मठ पाहुण्यांसाठी बंद राहू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.