विमानात बिघाड नसताना मालवाहू विमान डोंगरावर आदळतं कसं?

तुम्ही विचारलंय की डोंगर नकाशावर असतो, इंजिनं धडधाकट असतात, तरी विमान जाऊन आपटतं कसं. मालवाहू विमानं जुनी असतात म्हणून का? मी मुंबईच्या सहार विमानतळावर कार्गोमध्ये लोडशीटचं, म्हणजे विमानात किती वजन कुठे त्याच्या हिशेबाचं, काम केलंय. विमान कधी उडवलं नाही, पण या प्रकाराला त्या जगात सीफिट म्हणतात हे तिथेच कळलं. म्हणजे विमान पूर्ण ताब्यात आहे, आणि तेच नकळत डोंगरात घुसतंय.

माझ्या डोक्यातून न गेलेलं उदाहरण मलेशियाचं. 19 फेब्रुवारी 1989. फ्लाइंग टायगर या अमेरिकी मालवाहू कंपनीचं बोईंग 747 सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरत होतं, आत चौघं. सकाळचे साडेसहा, पण तिकडे तेव्हा अंधारच असतो. उतरायचं होतं एनडीबीवर. हा नुसता रेडिओ खांब: दिशा सांगतो, उंचीचं काही सांगत नाही. सहवैमानिकाला ते पसंत नव्हतं, त्यावर कॉकपिटमध्ये कुरबुर चाललेली.

जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने सांगितलं, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो.' त्याच्या मनात 2400 फूट. कॅप्टनच्या कानाला तो 'टू' आकडा वाटलाच नाही. '400 पर्यंत या' असं त्याने ऐकलं. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही 'टू' सारखेच दिसतात, बघा! 'टू थाउजंड फोर हंड्रेड' म्हटलं असतं तर घोळ झालाच नसता. कॅप्टनने उलट 'ओके, फोर झिरो झिरो' म्हटलं, आणि कंट्रोलरने ते जाऊ दिलं.

मला राग येतो तो इथे. आम्ही फोनवर वजन सांगताना 'फिफ्टीन' कधीच म्हणायचो नाही (समोर 'फिफ्टी' ऐकू जायचं), 'वन फाइव्ह' म्हणायचो, आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचो. ते परत म्हणणं नीट ऐकायचं नसेल तर ती पद्धत ठेवायची कशाला?

पुढे टेकड्या होत्या. जमीन जवळ आल्याची धोक्याची सूचना वाजली, पण कुणी विमान वर खेचलं नाही. चौघंही गेले. विमान जुनं होतं म्हणून नव्हे. ते ठणठणीत होतं.

दुसरं, 7 जुलै 1999, काठमांडू. हिंदुजा कार्गोचं बोईंग 727 दिल्लीला निघालं आणि चंपादेवीच्या डोंगरावर आदळलं. पाच जण गेले. काठमांडूचं खोरं म्हणजे वाटी, त्यामुळे बाहेर पडायचा मार्ग ठरवून दिलेला असतो. निघण्याआधी त्याची उजळणी अर्धवट झाली, तो मार्ग पाळला गेला नाही, चढता चढता वळताना वेग पडला आणि विमान हवं तितकं वर चढलंच नाही. धोक्याची सूचना वाजल्यावरही हालचालीला उशीर झाला.

त्या काळचं हे सूचना देणारं यंत्र फक्त पोटाखालची जमीन मोजायचं. म्हणजे पायाखाली बघत चालणारा माणूस. समोरची भिंत कपाळाला लागल्यावरच कळणार. नव्वदच्या दशकात आलेल्या सुधारित यंत्रात डोंगरांचा नकाशाच भरलेला असतो, त्यामुळे ते पुढचं बघून आधीच ओरडतं.