गोल रुमालाला झालर का येते? आणि हातकामाचे इतर प्रश्न

पोळा आणि महालक्ष्म्या जवळ आल्या की पत्रांच्या गठ्ठ्यात गोंडे, तोरणं आणि ताटावरचे रुमाल वाढतात. यंदाही तेच झालं आहे. उत्तरांत येणारे क्रोशाचे तीन शब्द आधी सांगून ठेवतो, कारण गावोगाव ते थोडे वेगळे म्हणतात. सुईवर वेढा न घेता घातलेला तो मुका खांब. एक वेढा घेऊन सुई टाक्यात घातली आणि सुईवरच्या तिन्ही वेढ्यांतून दोरा एकदम ओढला, तर अर्धा खांब. तेच तीन वेढे दोन-दोन करून सोडवले, तर खांब.

प्रश्न : महालक्ष्म्यांपुढच्या ताटांवर टाकायला गोल रुमाल करते आहे. साखळीच्या गोलात 12 खांब घातले. पुढे प्रत्येक फेरीत एक सोडून एका खांबात दोन खांब घालते. तीन फेऱ्या छान सपाट आल्या, पण पाचव्या फेरीला काठ लाटांसारखा उठला. इस्त्री केली तरी बसत नाही. दोरा जाड झाला का? (सेलू)

दोरा बरोबर आहे, वाढ चुकली. दर फेरीला रुमालाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीएवढी वाढते, म्हणून घेरही दर फेरीला सारखाच वाढायला हवा. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे ही वाढ फेरीमागे 12 खांबांची येते : 12, 24, 36, 48, 60, 72. तुमच्या पद्धतीत मात्र दर फेरी आधीच्या दीडपट होते. दुसऱ्या फेरीत तुम्ही बहुधा प्रत्येक खांबात दोन घातले असणार, म्हणून 24 झाले. तिसरीत 36 आले, तिथवर हिशेब जुळला. चौथीत 48 हवे होते, तुमचे 54 झाले. पाचवीत 60 च्या जागी 81. जास्तीचे 21 खांब जायचे कुठे? ते झालर होऊन वर उठतात. इस्त्रीने ते कसे बसणार?

तिसऱ्या फेरीपर्यंत उसवा. चौथीत दोन खांब एकेक घालून तिसऱ्यात दोन, पाचवीत तीन एकेक घालून चौथ्यात दोन, सहावीत चार एकेक घालून पाचव्यात दोन, असं पुढे चालवा. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब, तो मोजणीत धरा आणि फेरी बंद करताना सरकटाका तिसऱ्या साखळीत घाला. मुक्या खांबाचा गोल असेल तर दर फेरीला 6 वाढवायचे आणि अर्ध्या खांबाचा असेल तर 8.

वाढ दर वेळी एकावर एक आली तर गोलाला कोपरे दिसू लागतात. एक फेरी वाढीने सुरू करा, पुढची दोन-तीन साधे खांब घालून मग वाढवा. कोपरे मोडतात.

उलट तक्रार भोकरदनच्या एका वाचकांची आहे. त्यांचा रुमाल वाटीसारखा खोलगट होतो. तिथे दोन कारणं असू शकतात. वाढ राहून गेली असेल, किंवा हात घट्ट असल्यामुळे खांब बुटका होत असेल. आधी टाके मोजा. आकडा बरोबर असेल तर पाव मिलिमीटर मोठी सुई घ्या. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुया घेताना नंबरावर जाऊ नका. त्यांत नंबर मोठा तितकी सुई बारीक, आणि सगळ्या कंपन्यांचे नंबर जुळतातच असं नाही. सुईवर कोरलेले मिलिमीटर बघा.

प्रश्न : रुमाल कडक राहावा म्हणून साखरेचा पाक लावला होता. मुंग्या लागल्या. दुसरं काय लावता येईल? (उदगीर)

साबुदाण्याची खळ. दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवून अर्धा लिटर पाण्यात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि पातळ फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर जाळीत पांढरे ठिपके वाळतात आणि मग निघत नाहीत. धुतलेला ओला रुमाल खळीत बुडवून, न पिळता दाबून काढा. थर्माकोलवर प्लॅस्टिक पसरून त्यावर रुमाल ताणून टाचण्या लावा. आधी समोरासमोरच्या चार, मग त्यांच्या मधल्या चार, मग उरलेल्या. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, पांढऱ्या रुमालावरचा गंजाचा डाग सहजी जात नाही.

खळ सुती दोऱ्यावरच चांगली बसते. सण झाल्यावर रुमाल साध्या पाण्यात धुऊन, खळ काढूनच पेटीत ठेवा. पेटीतल्या कसरीला पिष्ट आवडतं, कडक ठेवलेला रुमाल पुढच्या वर्षी भोकांचा निघू शकतो.

प्रश्न : बाळाचं दुपटं विणायला घेतलं. 90 खांबांनी सुरुवात केली, वीतभर झालं तर त्रिकोण दिसायला लागला. (अंबाजोगाई)

दर ओळीला शेवटचा खांब सुटतो आहे. ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब असतो. म्हणून त्यांच्या बुडाशी असलेला खांब सोडून पुढच्यापासून विणायचं, आणि ओळ संपताना मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. ही साखळी कडेला वळलेली असते, खांबासारखी दिसत नाही, म्हणून नजरेतून निसटते. तिच्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. दर ओळीला 90 मोजण्यापेक्षा दर चार ओळींनी मोजलं तरी चालेल, पण मोजाच.

तळाची साखळी घट्ट पडली तर खालची बाजू आखडते आणि वरची पसरते. ते दुखणं वेगळं. साखळीपुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरली की भागतं.

प्रश्न : यूट्यूबवरच्या परदेशी व्हिडिओवरून भाच्यासाठी टोपी केली. सगळं जसंच्या तसं केलं, पण टोपी नारळाला बसेल एवढी झाली. लोकर कोणती घ्यावी हेही सांगा. (परभणी)

दोन शक्यता आहेत. अमेरिकन आणि ब्रिटिश नमुन्यांत एकाच नावाचे टाके वेगळे असतात. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ होतो. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून केला तर टोपीची उंची जवळपास दुप्पट होते, उलट केला तर निम्मी. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला की तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत तो टाकाच नाही.

दुसरी शक्यता हाताच्या ताणाची. टोपीला टाके ऐकीव आकड्यावर घालू नका, माप घेऊन घाला. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून दोन सेंटीमीटर कमी ठेवायची, म्हणजे 33. 33 ला 3.14 ने भागलं की साडेदहा. टाळूची सपाट चकती साडेदहा सेंटीमीटर रुंद झाली की वाढ थांबवा आणि पुढे सरळ विणत खाली या. सुती दोरा ताणला जात नाही, त्यामुळे सुती टोपीला एकच सेंटीमीटर कमी करा. मोठ्या बाळाला मात्र डोकं मोजल्याशिवाय सुई हातात घेऊ नये.

लोकरीचं म्हणाल, तर दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. परभणीची थंडी कडाक्याची, डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा तीन किंवा चार पदरी मऊ ॲक्रिलिक ठीक आहे. फाल्गुनानंतर ते बाळाच्या डोक्यावर घालू नका. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, कपाळावर घामोळं येतं. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून पेटवा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. खरी लोकर जळक्या केसांचा वास देते आणि ज्योत काढली की विझते. ॲक्रिलिक वितळून काळी कडक गोळी होते.

एका कामाची सगळी लोकर एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहा. लॉट बदलला की रंगात बारीक फरक येतो. दुकानात तो दिसत नाही, अंगणातल्या उन्हात दिसतो.

प्रश्न : बैलांसाठी लोकरीचे गोंडे घरीच करतो. दोन दिवसांत धागे गळून गोंडा टकला होतो. (हिंगोली)

गोंडा ज्या धाग्याने आवळता तो बदला. लोकरीनेच आवळला तर लोकर ताणते आणि गाठ सैल पडते. आवळायला मेण लावलेला जाड सुती किंवा नायलॉनचा दोरा घ्या. आठ सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्यावर चारपदरी लोकरीचे 120 ते 150 वेढे घ्या. 80 वेढ्यांचा गोंडा विरळ होतो आणि विरळ गोंड्यातले धागे आधी निसटतात. वेढे पुठ्ठ्यावरून अलगद सरकवा, बरोबर मध्ये दोरा दोनदा गुंडाळून पहिल्याच गाठीत दोन पीळ द्या म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत ती सुटत नाही. मग दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा एकदा आवळा. कडा कापून आकार द्या. कापताना दोऱ्याची शेंडी कापू नका, गोंडा माथोटीला त्याच शेंडीने बांधायचा आहे.

पोळा पावसातला सण. लाल आणि काळी सुती लोकर रंग सोडते आणि पांढऱ्या बैलाच्या कपाळावर ओघळ उमटतात. गोंड्याला ॲक्रिलिकच बरं, त्याचा रंग सहसा पक्का असतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात धुतलेलं क्रोशाचं तोरण राठ आणि मळकट दिसतं. (कंधार)

जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चोथा होतो आणि तो जाळीत अडकतो. वडीचा साबण बंद करा, पातळ डिटर्जंट घ्या, तोही थोडाच. शेवटच्या पाण्यात बादलीमागे दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, मग एकदा साधं पाणी. पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल तर त्यासारखं काही नाही. तोरण दोरीवर टांगून वाळवू नका, ओल्या वजनाने ते लांबतं. चादरीवर पसरून, सावलीत वाळवा.

प्रश्न : नातवासाठी क्रोशाची बाहुली केली. टाक्यांमधून आतला कापूस दिसतो, आणि धुतल्यावर गोळे झाले. (धाराशिव)

आजी, सुई मोठी पडली. लोकरीच्या वेष्टनावर चार मिलिमीटरची सुई सांगितली असली तरी बाहुलीला अडीच किंवा तीनची घ्या आणि सगळं मुक्या खांबात विणा. टाके कमी करताना दोन्ही खांबांचे फक्त पुढचे पदर एकदम उचला, भोक पडत नाही. घरचा सरकी काढलेला कापूस भरला की पाण्यात गोळा होतो आणि आतून लवकर वाळत नाही, मग वास येतो. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा फायबर आणा. डोळे मण्यांचे लावू नका, बटणंही नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात ते जाऊ शकतात. काळ्या दोऱ्याने भरा. आणि बाहुली असो की टोपी, तान्ह्याच्या वस्तूंजवळ डांबरगोळ्या ठेवू नका. त्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

प्रश्न : जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते आहे. मध्ये फुगे येतात. (गेवराई)

थर आधी एकमेकांना टाचलेले नसतात, आणि सुई मारताना हात वरचं लुगडं पुढे ढकलतो. कडेकडेने आत शिवत गेलात की सगळा सैलपणा मध्ये जमतो. जमिनीवर थर ताणून पसरा. मध्यापासून चारी कडांकडे आणि चारी कोपऱ्यांकडे लांब कच्चे टाके घाला, वीतभर अंतराने. मग कडेपासून धावदोरा सुरू करा, कच्चे टाके शेवटी काढा.

आत नवं कापड घालणार असाल तर ते आधी धुऊन घ्या. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं आणि सगळी वाकळ चुणते. सिंथेटिक साडी मधल्या थराला नको. ती सरकते आणि घाम टिपत नाही. उन्हाळ्यात ओसरीवर त्या वाकळीवर पाठ टेकवत नाही.

प्रश्न : तोरणाची मागणी येते, पण लोक 200 रुपये सांगतात. किंमत कशी ठरवावी? (जालना)

एक फूल विणायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. समजा 40 मिनिटं लागली आणि तोरणाला 12 फुलं आहेत, तर आठ तास झाले. जोडणं, लटकन, धुणं-खळ यांचे दोन तास धरा, एकूण दहा. तासाला 50 रुपये धरले, आणि ते फार नाहीत, तर मजुरी 500. दोरा-मणी 150. म्हणजे 650. दुकानात मिळतं ते स्वस्त ‘क्रोशा’ तोरण बहुधा यंत्रावरची लेस असते, खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. 650 ला ते जात नसेल तर अर्ध्या वेळात होणारी छोटी वस्तू विका, कंदिलाचं लटकन किंवा किल्लीचा गोंडा. आणि 200 लाच मागणाऱ्या जवळच्या माणसाला तोरण विकू नका, आहेर म्हणून द्या.