३ सप्टेंबरचं तिकीट जमलं तर ऑगस्टमध्ये आणा

तुम्ही लिहिलंय की दोघांचा कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) झाला आहे, ३ सप्टेंबरला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हँकूव्हरला उतरणार, पत्नीची डिलिव्हरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे, आणि ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनचा भाऊ म्हणतो की सरकारी आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून मिळतो. भाऊ त्याच्या प्रांतापुरतं बरोबर सांगतोय. ऑन्टारिओने तीन महिन्यांची थांबायची अट मार्च २०२० मध्ये काढली. ब्रिटिश कोलंबियात ती अजून आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने प्रांतांना जास्तीत जास्त तीन महिने थांबवायची मुभा दिली आहे, त्यामुळे प्रत्येक प्रांताचं गणित वेगळं.

इथलं गणित असं: ज्या महिन्यात राहायला आलात त्याचे उरलेले दिवस, अधिक पुढचे दोन पूर्ण महिने. ३ सप्टेंबरला आलात तर एमएसपी, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, १ डिसेंबरला सुरू होईल, म्हणजे डिलिव्हरी नेमकी बाहेर राहील. ३० ऑगस्टला उतरलात तर १ नोव्हेंबरला. चार दिवसांत पूर्ण एक महिना पदरात पडतो! तिकीट बदलायला जे पैसे जातील ते जाऊ द्या. प्रवासाबद्दल मात्र आधी तिच्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांचं पत्र सोबत ठेवा.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण आम्ही २ मार्चला आलो होतो. मे महिन्यात मुलगा शाळेच्या मैदानात पडला, मनगट मोडलं. तो प्लास्टरकडे बघत रडत होता आणि मी काउंटरवर क्रेडिट कार्ड पुढे करत होतो. आमचं एमएसपी १ जूनला सुरू झालं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी उतरलो असतो तर १ मेला झालं असतं.

उतरल्याबरोबर त्याच आठवड्यात एमएसपीचा अर्ज ऑनलाइन भरा. वेटिंग पिरियड संपायची वाट बघत बसू नका. पीआरचे कागद स्कॅन करून तयार ठेवा. महिन्याचा हप्ता २०२० पासून बंद झालाय, तो भरावा लागणार नाही. मधल्या काळासाठी खाजगी विमा घ्या, पण पॉलिसी नीट वाचा: आधीपासूनचं गरोदरपण बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. तेव्हा १ नोव्हेंबरपर्यंतच्या तपासण्या आणि सोनोग्राफी खिशातून होतील असं धरून चाला. मिडवाइफचा खर्चही एमएसपीत येतो, पण त्यांच्याकडे जागा लवकर भरतात, म्हणून भारतातूनच ईमेल करायला लागा.

आई सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) येणार म्हणालात. त्यांना एमएसपी मिळणार नाही. त्या व्हिसासाठीच निदान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा खाजगी विमा लागतो. त्यांना बीपी-शुगर असेल तर एजंटला आधीच स्पष्ट सांगा, लपवलंत तर ऐन वेळी क्लेम नाकारतात.

तारीख बदलता आली का, ते इथे नक्की कळवा.