राहुल द्रविडच्या निवृत्तीवर गौरवलेख लिहायचा आहे. सुरुवात कशी करावी? निरोपाचा सामना मिळाला नाही, हे लिहावं का?

तुम्ही म्हणताय की तुमच्या क्लबच्या वार्षिक अंकात निवृत्त खेळाडूंवर सदर आहे, तुमच्याकडे द्रविड आलाय आणि त्याच्या टोपणनावावरून शीर्षक 'भिंत' असं ठरून गेलंय. बाकी सगळं नंतर बोलू. आधी ते शीर्षक बदला.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. मागच्या चौकात शेजारच्या वाड्याची उघडी भिंत होती. खाली दगडी जोतं, वर विटा, गिलावा जागोजागी पडलेला. धाकटा भाऊ आणि मी रोज संध्याकाळी त्या भिंतीवर चेंडू मारत बसायचो. भिंतीचा गुण एकच. जेवढ्या जोरात माराल तेवढ्याच जोरात ती परत देते. जोत्याच्या कडेला लागला तर चेंडू कुठेही उडायचा, कधी नाकावर, कधी वरच्या काकूंच्या वाळवणात. भिंतीला काही ठरवता येत नाही.

द्रविडचा बचाव याच्या बरोबर उलटा होता. चेंडू त्याच्या बॅटला लागायचा आणि जीव गेल्यासारखा पायाशी पडायचा. शॉर्ट लेगचा, म्हणजे झेलासाठी फलंदाजाच्या अगदी जवळ उभा असलेला माणूस गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पुढे करून उभा, आणि चेंडू त्याच्या हातभर अलीकडेच थांबलेला. खालचा हात सैल, चेंडू अगदी डोळ्यांखाली येईपर्यंत थांबायचं आणि मग बॅट जराशी मागे घेऊन त्याचा वेग काढून घ्यायचा. एकशेचाळीसच्या वेगाने आलेल्या चेंडूशी असं वागायला हात जिवंत लागतात. याला भिंत म्हणणाऱ्याने भिंतीवर चेंडू मारून पाहिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मला वडिलांनी दाखवलं. नाना रविवार पेठेत एका पेढीवर हिशेब लिहायचे. घरी क्रिकेटचा स्कोअरही ते रोजकीर्दीच्या लाल बांधणीच्या लांब वहीत लिहायचे, पेन्सिलीने, टीव्हीसमोर बसून. पद्धत त्यांची स्वतःची. फलंदाजाच्या नावापुढे धाव झाली तर आकडा, नाही झाली तर टिंब. सचिनचं पान भराभर संपायचं. द्रविडचं पान म्हणजे रांगोळीचा कागद. टिंबं, टिंबं, मध्येच एखादा चौका. कसोटीत तो ३१,२५८ चेंडू खेळला. इतके चेंडू दुसरं कुणी खेळलेलं नाही. धावा १३,२८८. प्रत्येक धाव एकेक करून काढली असं धरलं, तरी अठरा हजारांच्या आसपास चेंडूंवर धाव नाही, आणि तो चौकेही मारायचा, म्हणजे टिंबं त्याहून कितीतरी जास्त. बाकीचे लोक त्याच्या धावा मोजायचे आणि नाना टिंबं मोजायचे. म्हणायचे, "अगं, हे रिकामे चेंडू नाहीत. हा दुसऱ्यांच्या वाटचे चेंडू खेळतोय."

डिसेंबर २००३, ॲडलेड. आपल्याकडे भल्या पहाटे सामना सुरू व्हायचा. नाना माकडटोपी घालून खुर्चीत, वही मांडीवर. ऑस्ट्रेलियाच्या ५५६ झालेल्या आणि दुसऱ्या दिवशी आपले ८५ वर चार गेले. भावाची तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात दुसरी पाळी होती, त्यामुळे तो सकाळी घरी होता. तो म्हणाला, "आता हा टुकटुक करत बसणार आणि आपण आरामात हरणार." नाना काही बोलले नाहीत. पेन्सिलीला टोक काढलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लक्ष्मणबरोबर ३०३ ची भागीदारी, लक्ष्मणच्या १४८, द्रविडच्या २३३. शतक त्याने गिलेस्पीला हुक मारून षटकाराने पूर्ण केलं. नानांनी त्या सहाभोवती गोल काढला. भावाने तो गोल पाहिला आणि म्हणाला, "कडेला लागून गेलाय तो, नाना. चुकून." लागला होता कडेला, खरं आहे. पण उसळत्या चेंडूवर नव्वदीच्या घरात हुक मारायला गेला होता की नाही? मंगळवारी शेवटच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. २३० हव्या होत्या आणि द्रविड पुन्हा नाबाद ७२. मॅकगिलला कट मारून त्यानेच सामना संपवला. सीमेपलीकडे गेलेला तो चेंडू स्टीव्ह वॉने स्वतः उचलून आणला आणि त्याच्या हातात दिला. गौरवलेख म्हणाल तर तो तिथेच झाला होता. हरलेल्या कर्णधाराने केला होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. सुरुवात आकडेवारीने करू नका. १६४ कसोटी, ३६ शतकं, २१० झेल हे सगळं चौकटीत टाका कोपऱ्यात. जन्म इंदूरचा, वाढला बंगळुरात, घरात मराठी, हेही वाचकाला पाठ आहे. तुम्ही पाहिलेला एक डाव घ्या, त्यातला एक चेंडू घ्या आणि तिथून लिहा.

मला घ्यायचा असेल तर मी ॲडलेड घेणार नाही. मी ऑगस्ट २०११ मधलं ओव्हल घेईन. इंग्लंडमधली ती मालिका आपण ४-० ने हरलो, म्हणून त्यावर कुणी लिहीत नाही. द्रविड ३८ वर्षांचा होता. त्या मालिकेत तीन शतकं काढली त्याने, आणि ओव्हलला सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिला. आपला डाव ३०० ला आटोपला, त्यात याच्या १४६. फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा आपलीच फलंदाजी. दोन डावांच्या मधल्या दहा मिनिटांत तो आत गेला आणि पुन्हा सेहवागबरोबर सलामीला बाहेर आला. आमच्याकडे दिवेलागण होऊन गेली होती. नानांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. टिंबं स्वल्पविरामासारखी पडायची. त्यांनी पान उलटलं आणि वर पुन्हा तेच नाव लिहिलं. लिहिताना दोनदा थांबले. मी म्हटलं, "मी लिहू का?" तर वही जवळ ओढून घेतली.

मग तो ऑस्ट्रेलियाचा दौरा आला. आठ डावांत सहा वेळा त्रिफळा. नानांच्या वहीत 'बो.' 'बो.' असं ओळीने. भावाने फोन केला, "ताई, भिंतीला भगदाड पडलं गं." संबंध देशात तेव्हा हेच चाललं होतं. भिंत म्हटलं की पुढचे शब्द आपोआप येतात, तडा, भगदाड, पडझड. म्हणून मला त्या शब्दाचा राग आहे. माणसाचं वय झालं, पाय पुढे यायला क्षणभर उशीर व्हायला लागला, इतकंच झालं होतं. त्याचं त्याला कळलं आणि ९ मार्च २०१२ ला त्याने बंगळुरात चिन्नास्वामी मैदानावर पत्रकारांना सांगून टाकलं की थांबतोय.

मी त्या रात्री बसून एक लेख लिहिला. तो चेंडू पायाशी मरायचा, ती टिंबं, ते ओव्हलचं पान, सगळं होतं त्यात. आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाने तो छापला. शीर्षक दिलं, 'अखेर भिंत ढासळली'. टिंबांचा परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी शतकांची यादी टाकली. विचारायला गेले तर उत्तर मिळालं की वाचकाला हेच कळतं. नानांनी तो अंक दोन वेळा वाचला. मग कात्री मागितली, लेख कापला आणि खळ लावून वहीत चिकटवला. शीर्षकाची पट्टी तेवढी कापून केरात टाकली. मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत.

आता निरोपाचा सामना. सचिनला तो मिळाला. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी कसोटी, ७४ धावा, ते भाषण, शेवटी खेळपट्टीला हात लावून नमस्कार. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पण म्हणून द्रविडच्या लेखात तक्रारीचा सूर लावू नका. तो ॲडलेडला जानेवारीत शेवटचा बाद झाला तेव्हा ती अखेर आहे हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. नानांनी डाव संपल्यावर नेहमीसारख्या दोन रेघा ओढल्या होत्या. लक्ष्मणनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरच्या हैदराबादची कसोटी तोंडावर असताना ती न खेळता सोडून दिलं. आपण कधी उठायचं हे या माणसांनी आपलं आपण ठरवलं. यात अन्याय कुठे झाला?

आणि अन्यायच लिहायचा असेल तर पुण्याचा लिहा. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. एका डावातल्या सर्वाधिक धावांच्या ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. त्या माणसाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. निरोपाच्या सामन्याचा विषय निघाला की नाना म्हणायचे, "निंबाळकरांना बोलावणंच आलं नाही, निरोप कसला देणार?"

एक गोष्ट मात्र टाळू नका, मुलतान. गौरवलेख लिहिणारे ती गाळतात आणि मग माझ्या भावासारखे लोक नेमकी तीच काढतात. २००४ मध्ये द्रविड कर्णधार होता आणि सचिन १९४ वर नाबाद असताना त्याने डाव घोषित केला. भाऊ आजही दिवाळीत फराळाला बसला की हे काढतो. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. निर्णय बरोबर होता. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात आणि त्यांना वेळ लागतो. आपण तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकलो, पाकिस्तानात जाऊन. सहा धावांसाठी हळहळणाऱ्याने हे आधी सांगावं. आणि ज्याला भाऊ 'संथ' म्हणतो, त्याने आयुष्यात एकच आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळला, २०११ मध्ये मँचेस्टरला, आणि त्यात लागोपाठ तीन षटकार मारले. तिन्ही बॅटच्या मधोमध लागलेले. भावाला त्या रात्री मीच फोन केला होता. त्याने उचलला नाही.

हे कबूल करते की मी द्रविडला मैदानावर कधी पाहिलेलं नाही. जे सांगतेय ते सगळं टीव्हीवरचं आणि नानांच्या वहीतलं. मुलतानला सचिनला नीट आधी कल्पना द्यायला हवी होती, हेही मला मान्य आहे. आणि एकदिवसीय सामन्यांत सुरुवातीच्या वर्षांत तो खरोखरच अडकून पडायचा. एवढ्यापुरतं भावाचं बरोबर.

शीर्षकासाठी संपादक अडून बसले तर नुसतं नाव छापा, 'राहुल द्रविड', खाली तारीख. तेही नको म्हणाले तर शीर्षकाशिवाय द्या. माझ्या कपाटात नानांची वही आहे. त्यातलं ते कात्रण तसंच आहे. कडेला खळ वाळून कागद पिवळा पडलाय आणि वरची जागा मोकळी.